वरचे नाव पाहून खालच्याला मत

व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज या बंदराच्या शहरात नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाची एक निवडणूक बरोबरीत सुटली. रिपब्लिकन पक्षाचे डेव्हिड यान्सी आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमन्ड्स यांना प्रत्येकी ११,६०८ मते पडली. खरे तर फेरमोजणीत सायमन्ड्स एका मताने पुढे होत्या. पण मोजणीतून बाजूला ठेवलेल्या एका मतपत्रिकेवरून वाद झाला आणि तो तीन न्यायाधीशांपुढे गेला. त्या कागदावर दोघांच्याही नावांपुढचे गोल भरलेले होते, आणि सायमन्ड्स यांच्या गोलावर एक तिरकी रेघ ओढलेली होती. मतदाराच्या मनात नेमके कोण होते हे ठरवताना न्यायाधीशांनी, त्याने त्याच कागदावर राज्यातील इतर पदांसाठी कोणाला पसंती दिली आहे, हेही पाहिले. ती रिपब्लिकन उमेदवारांना होती. मत यान्सी यांच्या पदरात पडले आणि बरोबरी झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंडमध्ये दोघांच्या नावांच्या चिठ्ठ्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या दोन डब्यांत घालण्यात आल्या, ते डबे चिनी मातीच्या एका वाडग्यात ठेवण्यात आले आणि त्यांतला एक उचलण्यात आला. चिठ्ठी यान्सी यांची निघाली. शंभर जणांच्या सभागृहात रिपब्लिकनांचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे टिकले.

चिठ्ठीची बातमी जगभर झाली. मला मात्र न्यायाधीशांचे ते अनुमान अधिक बोलके वाटते. मतपत्रिकेच्या माथ्यावर कोणाला मत दिले आहे हे कळले, की तळाशी कोणाला दिले असेल हे बहुतेक वेळा सांगता येते, हा अमेरिकेच्या राजकारणाचा आजचा नियमच त्यांनी वापरला. या नियमाने एक मोठे नुकसान केले आहे असे माझे म्हणणे आहे. राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक ही राज्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याची जागा होती. आता तिथे मुख्यतः वॉशिंग्टनमधील सत्तेबद्दलचा राग-लोभ नोंदवला जातो. मतदाराच्या हाती दोन हिशेब मागण्याचा अधिकार असताना तो एकच मागतो, आणि दुसऱ्या हिशेबाचे देणेकरी निर्धास्त राहतात.

पन्नास राज्यांत मिळून ७,३०० हून अधिक आमदार आहेत. नेब्रास्का सोडले तर प्रत्येक राज्यात दोन सभागृहे आहेत, आणि आपल्या विधान परिषदेप्रमाणे वरचे सभागृह अप्रत्यक्ष निवडीचे नसून दोन्हींचे सदस्य लोक थेट निवडतात. शाळांचा पैसा, तुरुंग, रस्ते, मालमत्ता कर, मतदानाचे नियम, विद्यापीठांची फी, विजेचे दर ठरवणाऱ्या यंत्रणा हे सारे त्यांच्या अखत्यारीत येते. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे सोपवल्यापासून तोही आला. इतके अधिकार असलेली ही माणसे लोकांना ठाऊक किती असतात? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत आपल्या आमदाराचे नाव सांगू शकणारे लोक वीस टक्क्यांहूनही कमी निघाले. राज्यशास्त्राचे अभ्यासक स्टीव्हन रॉजर्स यांनी मतदारांच्या वर्तनाचा अभ्यास करून असे दाखवले आहे, की आमदाराला मत देताना राष्ट्राध्यक्षांविषयीचे मत हे राज्याच्या विधिमंडळाविषयीच्या मतापेक्षा किमान तिप्पट परिणाम करते.

आमदार जवळचा असला तर असे होणार नाही, अशी कोणाची समजूत असेल तर त्याने न्यू हॅम्पशायरकडे पाहावे. जेमतेम चौदा लाख वस्तीच्या या राज्यात खालच्या सभागृहात ४०० सदस्य आहेत, त्यांना वर्षाला १०० डॉलर मानधन मिळते, आणि साडेतीन हजार लोकांमागे एक आमदार पडतो. एवढ्या लहान वस्तीत उमेदवार हा शेजारीच असतो. तरीही २००६ मध्ये ते सभागृह डेमोक्रॅटांकडे गेले, २०१० मध्ये रिपब्लिकनांकडे, २०१२ मध्ये पुन्हा डेमोक्रॅटांकडे, २०१४ मध्ये रिपब्लिकनांकडे आणि २०१८ मध्ये परत डेमोक्रॅटांकडे. ही सगळी वर्षे देशातील लाटांची वर्षे आहेत. बुश, ओबामा आणि ट्रम्प यांच्याविषयी देशाला जे वाटत होते, ते शेजाऱ्याच्या नावावर जमा होत गेले.

देशपातळीवर हे चित्र आणखी ठळक होते. २०१० मध्ये ओबामांवरील रोषाच्या लाटेत रिपब्लिकनांनी राज्यांच्या विधिमंडळांत साडेसहाशेहून अधिक जागा मिळवल्या. ही लाट येणार हे ओळखून पक्षाच्या एका संघटनेने 'रेडमॅप' नावाची मोहीम आखली होती आणि तिच्यावर सुमारे तीन कोटी डॉलर खर्च केले होते, कारण पुढच्याच वर्षी जनगणनेनुसार मतदारसंघांची फेररचना व्हायची होती, आणि ती बहुतेक राज्यांत विधिमंडळांच्याच हाती असते. एका वर्षाची लाट अशी दहा वर्षांसाठी नकाशात गोठवता आली. विस्कॉन्सिनमध्ये २०१२ साली निम्म्याहून कमी मते मिळवूनही रिपब्लिकनांनी ९९ पैकी ६० जागा घेतल्या. उलट दिशेची लाट २०१८ मध्ये आली आणि डेमोक्रॅटांनी तीनशेहून अधिक जागा परत मिळवल्या. त्या निवडणुकीनंतर दोन सभागृहे दोन वेगळ्या पक्षांकडे असलेले राज्य देशात एकच उरले, मिनेसोटा. असे १९१४ नंतर प्रथमच घडले होते. आमदारांच्या हजारो लढती स्वतंत्रपणे, उमेदवार आणि कारभार पाहून झाल्या असत्या, तर निकाल इतके एकसुरी लागले नसते.

वेस्ट व्हर्जिनियात हा बदल डोळ्यांसमोर घडला. कोळशाच्या खाणी आणि खाणकामगारांच्या संघटना यांच्या या डोंगराळ राज्यात १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून २०१४ पर्यंत विधिमंडळ डेमोक्रॅटांच्या हाती होते. राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याने २००० पासून रिपब्लिकनांना कौल दिला, २०१२ मध्ये तर ओबामा तेथील ५५ च्या ५५ काउंटींत (म्हणजे जिल्ह्यांत) हरले. पण तोवर मतदार दोन निवडणुका वेगळ्या धरत होते. गावचा डेमोक्रॅट म्हणजे वॉशिंग्टनचा डेमोक्रॅट नव्हे, हे त्यांना कळत होते. गावचा डेमोक्रॅट बहुधा कोळशाच्या बाजूचा असे, बंदुकीचा परवाना खिशात बाळगणारा असे, आणि त्याच्या वडिलांनी कोणत्या खाणीत काम केले हे मतदाराला माहीत असे. २०१४ मध्ये हा बांध फुटला. २०२४ च्या निवडणुकीनंतर राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ३२ रिपब्लिकन आणि २ डेमोक्रॅट, तर खालच्या सभागृहात ९१ आणि ९ अशी स्थिती आली. राज्यातील डेमोक्रॅट मधल्या दहा वर्षांत तितके वाईट झाले असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या नावापुढच्या शब्दाचा अर्थ बदलला.

आता याच राज्यातील पुढची घटना पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये पगार आणि आरोग्य विम्याचे हप्ते यांवरून शिक्षकांनी संप पुकारला. पंचावन्नच्या पंचावन्न काउंटींतील शाळा नऊ दिवस बंद राहिल्या, राजधानी चार्ल्सटनमधील विधिमंडळाच्या इमारतीचे जिने शिक्षकांनी भरून गेले, आणि शेवटी पाच टक्के पगारवाढ मिळाली. राज्याच्या कारभारावरचा इतका थेट, इतका व्यापक रोष क्वचितच दिसतो. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडेच राहिली आणि २०२० मध्ये त्यांचे बहुमत वाढले. तो रोष जिरला असेही नाही. जून २०२० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्याच प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष मिच कारमायकल यांचा पराभव झाला, आणि तो केला एमी ग्रेडी या शाळाशिक्षिकेने. लोकांना हिशेब मागायचा होता. पक्षाची चौकट न ओलांडता तो जिथे मागता येत होता, तिथे त्यांनी तो मागितला.

कॅन्सासमध्येही असेच झाले. गव्हर्नर, म्हणजे राज्याचे लोकनियुक्त प्रमुख, सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये प्राप्तिकरात केलेल्या मोठ्या कपातीने तिजोरी रिकामी झाली, २०१५ मध्ये काही शाळांना पैशाअभावी वर्ष लवकर आटोपावे लागले, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिपब्लिकन मतदारांनी त्या धोरणाच्या पाठीराख्या आमदारांना प्राथमिक निवडणुकीत घरी बसवले. जून २०१७ मध्ये नव्या विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून करकपात मागे घेतली.

यावरून कोणी म्हणेल, की मग उत्तरदायित्व शिल्लक आहे की, फक्त त्याची जागा बदलली. हे समाधान मला पुरेसे वाटत नाही. प्राथमिक निवडणुकीला येणारे मतदार थोडे असतात, ते पक्षाचे कट्टर असतात, आणि तिथे शिक्षिकेइतक्याच सहजपणे एखादा वॉशिंग्टनच्या घोषणा देणाराही जिंकू शकतो. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत तिसरे आले, २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि तेथून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये पोहोचले. डेट्रॉइट डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला असल्याने तेथील अशा जागेची खरी लढत ऑगस्टमधल्या प्राथमिक निवडणुकीतच संपते. नोव्हेंबरमध्ये उरतो तो उपचार. देशभरात राज्य विधिमंडळांच्या एक तृतीयांशाहून अधिक जागांवर दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचाच उमेदवार उभा असतो, तेव्हा तेथील बाकीच्या मतदारांनी काय करायचे?

राष्ट्रीय राजकारणाने राज्याची निवडणूक गिळण्याचा प्रकार नवा आहे असा माझा दावा नाही. इलिनॉयमध्ये १८५८ साली अमेरिकेच्या सिनेटमधील एका जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांचे सात गाजलेले वादविवाद झाले, तेव्हा मतपत्रिकेवर त्या दोघांपैकी कोणाचेच नाव नव्हते. लोक आमदार निवडत होते आणि आमदार सिनेटर निवडणार होते; शेवटी विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना निवडले. गुलामगिरीच्या प्रश्नापुढे त्या वर्षी इलिनॉयमधील रस्ते आणि बँका यांचा विचार कोण करणार होते? सिनेटरांची निवड थेट लोकांकडे देणारी सतरावी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये झाली, तेव्हा तिच्या समर्थकांच्या युक्तिवादांत हाही एक होता, की आता तरी आमदार राज्याच्या प्रश्नांवर निवडले जातील. लिंकनच्या काळी आमदाराला वॉशिंग्टनसाठी मत देण्यात निदान व्यवहार होता, कारण त्या मताने वॉशिंग्टनमधला माणूस खरोखर ठरत असे. आज ते कारण उरलेले नाही, सवय मात्र घट्ट झाली आहे.

ती घट्ट होण्यामागे वर्तमानपत्रांचे मरण हे सर्वांत मोठे कारण असावे असे मला वाटते. २००५ पासून अमेरिकेत अडीच हजारांहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली. जी उरली त्यांनी राज्याच्या राजधानीतला बातमीदार सर्वांत आधी कमी केला. २००३ ते २०१४ या काळात विधिमंडळाचे पूर्णवेळ वार्तांकन करणारे वर्तमानपत्रांचे बातमीदार सुमारे एक तृतीयांशाने घटले. जिल्ह्याचे वर्तमानपत्र गेले की आमदाराने कोणत्या विधेयकावर कसे मत दिले हे सांगणारे कोणी उरत नाही, आणि रात्री टीव्हीवर किंवा फोनवर जे दिसते ते वॉशिंग्टनचे असते. न्यू जर्सीतील आपल्या मराठी मंडळींचेच घ्या. देशातील सर्वांत जड मालमत्ता कर भरणाऱ्या त्या राज्यात, जेवणानंतरच्या गप्पा व्हिसापासून व्हाइट हाउसपर्यंत फिरतात, आणि ट्रेंटनमध्ये बसलेल्या आपल्या आमदाराचे नाव त्यांत येत नाही. याखेरीज लांबलचक मतपत्रिकेवर एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय काही राज्यांत आजही आहे. टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियाने ती अलीकडे काढून टाकली.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे. मतदार मूर्ख नाही, तो पक्षाचे नाव पाहून मत देतो कारण पक्षाचे नाव खरी माहिती देते. गर्भपात, बंदुका, कामगार संघटना, मतदानाचे नियम यांवर कोणत्या पक्षाचा आमदार काय करील हे आज जवळपास निश्चित असते. मिशिगनमध्ये २०२२ साली डेमोक्रॅटांना सुमारे चाळीस वर्षांनी गव्हर्नरपद आणि दोन्ही सभागृहे एकत्र मिळाली, आणि पुढच्याच वर्षी कामगार संघटनांना कमकुवत करणारा दहा वर्षांपूर्वीचा कायदा रद्द झाला. पक्ष पाहून मत देणाऱ्याला जे हवे होते ते मिळाले. हे सर्व मी मान्य करतो. पण पक्षाच्या नावात जी माहिती नसते तिचे काय? आमदार प्रामाणिक आहे का, त्याला कारभार कळतो का, त्याने कोणाकडून पैसे घेतले, हे त्या नावावरून कळत नाही.

ओहायोमध्ये याचे उत्तर मिळाले, आणि ते भयंकर आहे. जुलै २०२० मध्ये तेथील प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन अध्यक्ष लॅरी हाउसहोल्डर यांना अटक झाली. एका वीज कंपनीशी संबंधित दोन अणुऊर्जा प्रकल्पांना ग्राहकांच्या बिलांतून एक अब्ज डॉलरहून अधिक मदत देणारा कायदा २०१९ मध्ये झाला होता, आणि त्यासाठी सुमारे सहा कोटी डॉलर त्यांच्या गटाकडे पोहोचल्याचा आरोप होता. राज्याच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे लाचखोरीचे प्रकरण मानले जाते. या कायद्याला काही डेमोक्रॅट सदस्यांनीही मते दिली होती, त्यामुळे दोष एकाच बाजूचा नाही. अटकेनंतर चार महिन्यांनी निवडणूक झाली. मतपत्रिकेवर हाउसहोल्डर यांच्यासमोर दुसऱ्या पक्षाचा उमेदवारच नव्हता, आणि आरोपपत्र डोक्यावर असताना ते निवडून आले. त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा ६१ वरून ६४ झाल्या. ट्रम्प यांनी ओहायो आठ टक्क्यांनी जिंकले होते, आणि तळाच्या उमेदवारांनी त्या लाटेवर किनारा गाठला. हाउसहोल्डर यांना जून २०२१ मध्ये सभागृहाने काढून टाकले, २०२३ मध्ये न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा सुनावली. सभागृहाने आपले काम केले, न्यायालयाने केले. विजेचे बिल भरणाऱ्या मतदाराला मात्र त्याचे काम करण्याची संधी मिळाली नाही, किंवा मिळाली तिथे त्याचे लक्ष वरच्या नावावर होते.

याउलट व्हरमाँटमध्ये २०२४ साली जे झाले त्याने मला धीर येतो. कमला हॅरिस यांना तेथे साठ टक्क्यांहून अधिक मते मिळाली, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी विधिमंडळातील डेमोक्रॅटांचे दोन्ही सभागृहांतील दोन तृतीयांश बहुमत मोडले. कारण होते शाळांसाठीच्या मालमत्ता करात झालेली सरासरी चौदा टक्क्यांच्या घरातली वाढ. त्या वाढीविरुद्ध रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनी नकाराधिकार वापरला होता आणि आमदारांनी तो ओलांडला होता. राज्याने केलेले काम बिलाच्या रूपाने घरी आले, आणि त्याला विरोध करणारा रिपब्लिकन असा होता की ज्याने ट्रम्प यांना मत दिले नाही हे त्याने उघडपणे सांगितले होते. त्यामुळे त्या पक्षाच्या स्थानिक उमेदवाराला मत देणे म्हणजे ट्रम्प यांना मत देणे, असे कोणाला वाटले नाही.

उपाय सुचवणारे दोन गोष्टी नेहमी सांगतात. पहिली, पक्षाचे नावच मतपत्रिकेवरून काढा. नेब्रास्काने १९३७ पासून एकच, पक्षविरहित सभागृह चालवले आहे. दुसरी, राज्याची निवडणूक वेगळ्या वर्षी घ्या. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी तसे करतात. दुसऱ्या उपायाची मर्यादा व्हर्जिनियातच दिसते. १९७७ पासून २०१३ चा एक अपवाद वगळता तेथील गव्हर्नरपद राष्ट्राध्यक्षांच्या विरोधी पक्षाकडे गेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्धच्या लाटेत डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधिगृहातील जागा ५१ वरून ६४ झाल्या. वेगळ्या वर्षामुळे राष्ट्रीय लाट थांबत नाही. उलट ती मोजण्याचे पहिले परिमाण म्हणून देशाचे डोळे त्या राज्याकडे लागतात. नेब्रास्कावरही २०२४ मध्ये असाच दबाव आला. राष्ट्राध्यक्षपदासाठीची राज्याची मते मतदारसंघांनुसार वाटण्याची पद्धत निवडणुकीच्या तोंडावर बदलावी म्हणून दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर लिंडसे ग्रॅहम तिथे येऊन आमदारांना भेटून गेले. नुकतेच रिपब्लिकन झालेले आमदार माइक मॅकडॉनल यांनी नकार दिला, म्हणून तो बेत फसला.

मला स्वतःला वाटते, की सुटका पक्ष नाहीसे करण्यात नाही. राज्यातल्या पक्षाला वॉशिंग्टनपेक्षा वेगळे दिसण्याची मोकळीक मिळाली पाहिजे, जशी वेस्ट व्हर्जिनियातील डेमोक्रॅटांना एकेकाळी होती आणि स्कॉट यांनी स्वतःसाठी राखली. पक्षांनी पडेल जागांवरही उमेदवार उभे केले पाहिजेत, म्हणजे हाउसहोल्डर यांच्यासारख्यासमोर मतदाराला एक छापील नाव तरी दिसेल. ओरेगन आणि वॉशिंग्टन ही राज्ये प्रत्येक घरी उमेदवारांची माहिती देणारी पुस्तिका पाठवतात. ते काम सर्वच राज्यांनी करावे, आणि तिच्यात आमदाराने कोणत्या विधेयकांवर कसे मत दिले हेही छापावे. त्याने लाट थांबणार नाही, पण मतदाराच्या हाती दुसऱ्या हिशेबाचा कागद राहील.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडियानाच्या सिनेटपुढे मतदारसंघांचा नवा नकाशा आला. टेक्सासने ऑगस्टमध्ये ट्रम्प यांच्या मागणीवरून जनगणनेची वाट न पाहता काँग्रेसचे मतदारसंघ बदलले होते, आणि इंडियानानेही नऊच्या नऊ जागा रिपब्लिकनांना मिळतील असा नकाशा करावा अशी अपेक्षा होती. उपाध्यक्ष व्हान्स त्यासाठी दोनदा येऊन गेले. विरोध करणाऱ्यांना प्राथमिक निवडणुकीत पाडू, असे राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केले. काही सदस्यांच्या घरी खोट्या तक्रारी करून पोलीस पाठवण्याचे प्रकार घडले. पन्नास जणांच्या त्या सभागृहात ४० रिपब्लिकन होते. ११ डिसेंबरला मतदान झाले तेव्हा नकाशा ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्यांत २१ रिपब्लिकन होते, आणि त्यांतल्या अनेकांनी आपल्या मतदारसंघातील लोकांचा विरोध हेच कारण दिले. त्याच सभागृहाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मालमत्ता कराचा मोठा कायदा मंजूर केला होता, आणि त्याचा परिणाम राज्यातील शाळांच्या आणि गावांच्या अंदाजपत्रकांवर होणार होता. त्या एकवीस जणांना पाडण्याची धमकी त्या कायद्यावरून कोणी दिली नाही.